कासवीची दृष्टी आणि आपले हात

गेल्या भाऊबिजेला मी पुण्याला अक्काकडे गेलो होतो. ओवाळणे झाले, फराळाची ताटे पुढे आली, आणि भाच्याने आपल्या मलेशियाच्या प्रवासाची छायाचित्रे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. तोंडात चकली आणि डोळे समुद्राच्या तळाशी, असा आम्हा सगळ्यांचा थाट होता. चित्रे खरोखरच सुरेख होती. निळेशार पाणी, पोवळ्यांचे रान, माशांचे थवेच्या थवे. मग एक चित्र आले. एक मोठे कासव पाण्यात तिरपे झाले होते. त्याच्या शेजारी काळ्या पोशाखातला, पाठीवर हवेची टाकी बांधलेला आमचा भाचा होता. त्याचा एक हात कासवाच्या पाठीवर होता आणि दुसऱ्या हाताची बोटे 'सगळे झकास आहे' अशी खूण करीत होती.

अक्का म्हणाली, "अगंबाई, केवढे थोरले!"

सूनबाई म्हणाली, "मामा, आम्ही चांगली दहा मिनिटे कासवाबरोबर पोहलो."

मी म्हणालो, "तुम्ही कासवाबरोबर पोहलात हे खरे. पण कासव तुमच्याबरोबर पोहत होते का?"

झाले! तिथून वाद पेटला तो चहा गार होईपर्यंत. शेवटी अक्काने "सणासुदीच्या दिवशी पुरे करा" म्हणून मामा-भाच्यांना गप्प बसवले. परंतु माझी बाजू तेव्हा अर्धीच मांडून झाली होती, आणि उरलेली अर्धी वर्षभर मनात घोळत राहिली. ती आज सविस्तर मांडतो. भाचा हा अंक दरवर्षी घेतो. त्याने वाचावी आणि हवे तर मला कडक उत्तर द्यावे.

आधी त्याच्या पदरात जे माप पडायला हवे ते घालतो. हा मुलगा आडदांड नाही. पाण्याखाली श्वास कसा घ्यावा, वर येताना घाई का करू नये, शरीर पाण्यात अधांतरी कसे तोलून धरावे, हे सारे तो रीतसर शिकला आहे. प्रवासातून येताना त्याने एक शंखही उचलून आणला नाही. अशा भल्या मुलाशी वाद घालणे अवघड असते. दुष्टाला दोन शब्द सुनावता येतात. भल्या माणसाचे काय करावे? पण जगातल्या उष्ण समुद्रांत कासवांच्या मागे जे हजारो लोक बुड्या मारतात, त्यांतले बहुतेक असे भलेच असतात. म्हणूनच हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

भाच्याचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येते. पहिला मुद्दा : आमचे कासवांवर प्रेम आहे. दुसरा : क्षणभर हात लावल्याने कासवाचे काही बिघडत नाही. तिसरा : आमच्या पैशावरच कासवे वाचतात, प्रवासी गेले नाहीत तर गावकरी उद्या त्यांचे कालवण करतील.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. जगभरच्या जाहिरातींत एकच वाक्य असते : 'या, कासवांबरोबर पोहा.' ह्या 'बरोबर' शब्दावर माझा पहिला आक्षेप आहे. मी शाळामास्तर आहे आणि शब्दांचा हिशेब मागणे हा माझा धंदाच आहे. दोघे बरोबर चालतात तेव्हा दोघांचीही तशी इच्छा असते. एक पुढे जातो आहे आणि दुसरा त्याच्या मागे लागला आहे, ह्याला मराठीत 'पाठलाग' म्हणतात. रस्त्यावर एखादा इसम एखाद्या अनोळखी बाईच्या मागे दहा मिनिटे चालला आणि घरी येऊन म्हणाला, 'मी आज त्यांच्याबरोबर फिरलो,' तर त्याची आई त्याला काय म्हणेल?

आता ते कासव त्या दहा मिनिटांत काय करीत होते ते पाहा. समुद्री कासव पाण्यात राहते, पण त्याला माशासारखे कल्ले नाहीत. तुमच्याआमच्यासारखी फुप्फुसे आहेत, आणि श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. खडकाच्या कपारीत निवांत झोपले तर ते एका श्वासावर काही तास काढू शकते. चरत असले, हिंडत असले, तर काही मिनिटांतच त्याला वर यावे लागते. आणि धडपड झाली, भीतीने पळावे लागले, तर ती साठवण भराभर संपते. कोळ्यांच्या जाळ्यात अडकलेली कासवे मरतात ती बुडून मरतात. पाण्यात जन्म काढणारा प्राणी पाण्यात बुडून मरतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण आहे खरे.

म्हणजे कासवाचा दिवस हा श्वासांच्या हिशेबाने चालतो. इतका वेळ खाली चरायचे, मग वर जायचे, दोन-चार श्वास घ्यायचे, पुन्हा खाली. हिरवे कासव समुद्रगवत आणि शेवाळ खाते. चोचीच्या कासवाला पोवळ्यांतले स्पंज आवडतात. ही सावकाश चालणारी कामे आहेत. त्यांत दहा माणसांचे टोळके, त्यांचे बुडबुडे आणि त्यांचे दिवे भोवती आले, तर चरणे थांबते. कोणी त्याच्या नेमके डोक्यावर तरंगत राहिला तर वर जायची वाटच अडते. माणसाच्या पाठीवर टाकी आहे. त्याला घाई नाही. उधारीचा श्वास घेऊन आलेला पाहुणा घरधन्याच्या दारात आडवा उभा राहतो आणि म्हणतो, 'मी ह्याच्याबरोबर राहून आलो!'

दुसरा मुद्दा हात लावण्याचा. इथे आपल्याकडच्या एका समजुतीने घोटाळा केला आहे असे मला वाटते. कासव म्हटले की आपल्याला आठवते ते देवळातले दगडी कासव. गाभाऱ्यासमोर ते मुकाट पडलेले असते. येणारा-जाणारा त्याला हात लावून नमस्कार करतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे : ते जसे आपले अवयव आत ओढून घेते, तशी त्याने इंद्रिये विषयांपासून आवरावी. उपमा मोठी सुंदर आहे, पण ती विहिरीतल्या, तळ्यातल्या कासवाची आहे. समुद्री कासवाला ही सोयच नाही. त्याला मान आत घेता येत नाही, पायही आत घेता येत नाहीत. पोहण्यासाठी त्याच्या पायांची वल्ही झाली आणि त्या बदल्यात लपण्याची जागा गेली. समोरून संकट आले तर त्याच्यापाशी एकच उपाय उरतो : दूर जाणे.

वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. दूर जाणे हीच त्याची ढाल आहे. आपण त्याच्या मागे जातो तेव्हा त्याची एकुलती एक ढाल काढून घेतो. आणि वर म्हणतो, 'बघा, किती शांत आहे! हात लावू देते!' हवाई बेटांत कासवापासून निदान दहा फूट, म्हणजे तीन मीटर, दूर राहावे असे तिथले सरकारी खाते प्रवाशांना सांगते. तीन मीटर म्हणजे किती? आमच्या शाळेच्या वर्गातल्या फळ्यापासून दुसऱ्या बाकापर्यंत. एवढे अंतर राखणे आपल्याला जड जाते.

ही हौस आली कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां ह्या दोघांनी हवेची टाकी पाठीवर घेऊन मोकळेपणाने बुडी मारण्याचे यंत्र सिद्ध केले. त्याआधी पाणबुड्याला जड शिरस्त्राण घालून, नळीला बांधलेला असा खाली उतरावे लागे. आता माणूस माशासारखा मोकळा झाला. कुस्तो आणि लुई माल ह्यांनी काढलेल्या 'मूक जग' ह्या अर्थाच्या नावाच्या बोलपटाने १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. समुद्राच्या पोटातले रंग लक्षावधी लोकांनी प्रथमच पाहिले ते त्यात. परंतु त्याच बोलपटात एक पाणबुड्या समुद्री कासवाला धरून त्याच्यामागे ओढला जात मजा करतो, असेही दृश्य आहे. माणूस खाली पोचला आणि पोचल्याबरोबर त्याने स्वारीच केली! सत्तर वर्षे होत आली, आपला हात अजून तिथेच आहे.

कुस्तोला मात्र मी एक श्रेय देईन. हा माणूस पाहता पाहता बदलला. पुढे तो समुद्राच्या बाजूने बोलणारा जगातला सर्वांत ख्यातनाम माणूस झाला. ज्या सिपादान बेटाच्या परिसरात माझा भाचा गेला होता, त्या बेटावरही त्याने चित्रपट केला. तो १९८९ साली आला. बोर्निओच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळापासून सुमारे सहाशे मीटर उभे वर आलेले हे बेट आहे. त्याच्या कड्यात पाण्याखाली एक गुहा आहे. तिच्यात कासवांचे सांगाडे पडलेले आहेत. आत शिरलेल्या, काळोखात वाट चुकलेल्या आणि श्वासासाठी वर जाता न आलेल्या कासवांचे ते सांगाडे, असे मानतात. मी भाच्याला विचारले, "ही गुहा ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "ऐकली आहे. फार प्रसिद्ध आहे." मग मी म्हणतो, ज्याने त्या गुहेची हकीकत ऐकली, त्याचा हात कासवाच्या पाठीवर जावाच कसा?

ह्याच सिपादानवर माणसांची इतकी गर्दी झाली की २००४ साली मलेशियाच्या सरकारने बेटावरची सगळी विश्रामगृहे हलवली. आज तिथे बुडी मारायची तर परवाना लागतो आणि रोज ठरावीकच माणसांना तो मिळतो. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर अकुमाल नावाचा उपसागर आहे. माया लोकांच्या भाषेत त्या नावाचा अर्थच 'कासवांची जागा'. तिथे हिरवी कासवे किनाऱ्याजवळच्या गवतावर चरतात, त्यामुळे ज्याला धड बुडी मारता येत नाही तोही चेहऱ्याला काच लावून पाण्यात उतरतो. तिथेही इतकी झुंबड उडाली की २०१६ साली सरकारला तो उपसागर राखीव आसरा म्हणून जाहीर करावा लागला. प्रेमाने आलेल्या लोकांपासून कासवाला आसरा द्यावा लागावा, ह्यातच सगळे आले.

आता तिसरा मुद्दा, पैशाचा. हा भाच्याचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पैशाने कासवे वाचली आहेत. कोस्टारिकातील तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर एके काळी अंड्यांसाठी आणि मांसासाठी कासविणींची सरसकट शिकार चाले. आर्ची कार नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५०च्या दशकात तिथे कासवांना खुणेच्या पट्ट्या बांधून त्यांचा अभ्यास सुरू केला. १९५९ साली संरक्षणासाठी संस्था उभी राहिली, १९७५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. आज तिथले गावकरी प्रवाशांना रात्री किनाऱ्यावर नेतात. परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि कॅमेरा तर नेऊच देत नाहीत. फिलिपिन्समधल्या आपो ह्या चिमुकल्या बेटावर कोळ्यांनी १९८०च्या दशकात आपल्याच समुद्राचा एक तुकडा मासेमारीला बंद केला. आंजेल अल्काला ह्या शास्त्रज्ञाने त्यांना मार्ग दाखवला, पण राखण कोळ्यांनी केली. मासे वाढले, पोवळी वाढली. मग पाणबुडे आले, आणि कासवे पाहायला जग लोटले.

आपल्याकडचे उदाहरण फार लांब नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तिथे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' ह्या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंड्यांची राखण सुरू केली. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलतात, पिल्ले वाळूवरून समुद्राकडे निघतात, आणि पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहतात. रात्री गावकऱ्यांच्या घरी उतरतात, सोलकढी पितात, पैसे देतात. दोरी ओलांडावी असे कितीकांना वाटत असेल, पण दोरी गावाने बांधलेली आहे.

ह्या तिन्ही ठिकाणांचा क्रम पाहावा. आधी कोणीतरी आपला हात आवरला, कासव वाचले, आणि त्यानंतर पैसा आला. पैसा आधी आला आणि त्याने हात आवरायला शिकवले, असे ह्यांतल्या एकाही ठिकाणी झालेले नाही. पैसा लगाम नसलेल्या ठिकाणी काय करतो त्याचेही उदाहरण देतो. कॅरिबियन समुद्रातली केमन बेटे कोलंबसाने १५०३ साली पाहिली तेव्हा भोवतीच्या पाण्यात इतकी कासवे होती की त्याने त्यांचे नावच 'कासवांची बेटे' असे ठेवले. पुढे खलाशांनी ती खाऊन संपवली. मग १९६८ पासून त्यांतल्या मोठ्या बेटावर हौदांतून कासवे पाळू लागले. मांसासाठीही पाळली, आणि प्रवाशांच्या हातांत पिल्ले देऊन त्यांचे फोटोही काढवले. पैसा तिथेही होता. प्रवासी हौसेने पैसे मोजीत होते आणि 'आम्ही कासवे वाचवतो' असे म्हणत होते. तेव्हा पैसा वाचवतो की बुडवतो, हे दोरी कोणाच्या हातात आहे त्यावर ठरते. बुडी मारायला नेणाऱ्या नावाड्याला 'कासवाच्या फार जवळ जाऊ नकोस' असे सांगणारे गिऱ्हाईक मिळाले तर तो जाणार नाही. त्याला 'हात लावू दिलास तर बक्षीस देतो' म्हणणारे गिऱ्हाईक मिळाले, तर त्याचीही पोरेबाळे आहेत.

ह्यावर भाच्याने एक हुकमाचे पान टाकले होते. तो म्हणाला, "मामा, तुम्ही अजून जुनेच धरून बसला आहात. ह्याच महिन्यात बातमी आली. हिरव्या कासवाला आता धोका उरलेला नाही."

बातमी खरी होती. २०२५ च्या ऑक्टोबरात निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने हिरवे कासव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढून सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात घातले. १९७०च्या दशकापासून त्यांची संख्या जगभरात सुमारे २८ टक्क्यांनी वाढली आहे. मलाही आनंद झाला. परंतु ती वाढली कशाने? समुद्रकिनाऱ्यांवर अंडी राखली गेली, शिकार थांबली, कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, कोळंबीच्या जाळ्यांना कासव निसटून जाईल अशी खिडकी बसवली गेली. ही यादी पुन्हा वाचावी. तिच्यातले प्रत्येक कलम कोणीतरी आपला हात मागे घेतल्याचे आहे. आणि शिवाय, हिरवे कासव सावरले म्हणून सगळी सावरली असे नाही. ज्याच्या पाठीच्या कवचाचे कंगवे आणि पेट्या होत असत, ते चोचीचे कासव आजही नामशेष होण्याच्या टोकावर आहे, आणि पोवळ्यांत बुडी मारणाऱ्याला भेटणाऱ्या कासवांत ते हटकून असते. पाणी तापते आहे ते वेगळेच. वाळू जितकी गरम, तितक्या अंड्यांतून माद्याच अधिक निघतात. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीच्या उत्तर भागात वयात न आलेल्या हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्याचे २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

"मग एवढी मोठी संकटे सोडून तुम्ही माझ्या एका हाताच्या मागे का लागलात?" असे भाचा विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला ओडिशाच्या कोळ्यांकडून द्यायचे आहे.

गहिरमाथा, देवी आणि ऋषिकुल्या ह्या ओडिशाच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी लाखांनी अंडी घालायला येतात. त्यांच्यासाठी दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने तिथल्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात मासेमारी बंद असते. सात महिने! कोळ्याला समोर समुद्र दिसतो, होडी वाळूत उभी असते, आणि चूल मात्र रोज पेटवावी लागते. हे कोळी खुशीने राहतात असे मी म्हणत नाही. त्यांची गाऱ्हाणी आहेत आणि ती खरी आहेत. पण भुर्दंड तेच भरतात. २०२१ साली तिथे पट्टी बांधलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. सारे दक्षिण टोक ओलांडून ती कोकणात आली होती. म्हणजे तिथल्या एखाद्या गरीब कोळ्याने होडी वाळूत उभी ठेवली म्हणून गुहागरच्या वाळूत ती पिल्ले आली. एका बाजूला हा कोळी आहे, ज्याने कासवासाठी सात महिन्यांचा समुद्र सोडला. दुसऱ्या बाजूला आपण आहोत, विमानाने आलेले, पोट भरलेले, आणि आपल्याला कासवासाठी तीन मीटर सोडवत नाहीत. वर प्रेमाचे नाव आपणच घेतो. माझा राग एका हातावर नाही, तो ह्या हिशेबावर आहे.

आता माझी पाळी. दुसऱ्याच्या हाताचा पंचनामा करणाऱ्याने आपले हात लपवू नयेत. माझे बालपण कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या खेड्यात गेले. थंडीच्या दिवसांत पहाटे वाळूत कासविणीचा माग दिसला की आम्ही पोरे धावत सुटायचो. माग जिथे संपे तिथे काठी खुपसून पाहायची. काठी भसकन आत गेली की खाली अंडी. पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी, मऊ. शंभर-सव्वाशे निघत. ती घरोघर वाटली जात आणि खाल्ली जात. मीही खाल्ली आहेत. एकदा कासवीण अजून वाळूतच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. थोरली माणसे म्हणाली, ती रडते आहे. ते अश्रू अंगातले मीठ बाहेर टाकण्यासाठी असतात, हे मी फार वर्षांनी वाचले. पण त्या पहाटे मला ती रडते आहे असेच वाटले होते, आणि तरीही मी अंडी काढली. हे सांगताना मला आजही बरे वाटत नाही.

म्हणून मी भाच्यापेक्षा निर्मळ आहे असा माझा दावा नाही. उलट माझे पाप मोठे आहे. फरक एवढाच, की आम्ही त्या गोष्टीला प्रेम म्हणत नव्हतो. ती भूक होती आणि तिला आम्ही भूकच म्हणत होतो. भुकेला समजावता येते. तिला दुसरे अन्न दिले की ती हात मागे घेते. वेळासला तेच झाले. पण जी हौस स्वतःला प्रेम समजते, तिला समजवायचे कसे? तिला आपली चूक दिसतच नाही.

भाचा म्हणेल, "मामा, तुम्ही कधी पाण्याखाली गेला आहात का? तिथे काय वाटते ते तुम्हाला काय ठाऊक?" गेलो आहे. दोन वर्षांपूर्वी मालवणला, ह्याच भाच्याच्या आग्रहावरून. पंधरा-वीस मिनिटांची पोरखेळाची बुडी. एका माणसाने माझी टाकी मागून धरली होती आणि मी त्याच्या हातात बाहुल्यासारखा होतो. त्याने कमरेच्या पिशवीतून काहीतरी खाणे काढून पाण्यात कुस्करले. क्षणात माझ्या तोंडाभोवती शंभर मासे! त्याने तेवढ्यात चित्रीकरण उरकले. बाहेर आल्यावर मला ते दाखवले तेव्हा मी हरखून गेलो होतो. मासे जणू मला भेटायला आले होते! रात्री जेवताना लक्षात आले, की ते भाकरीला भेटायला आले होते. कासव काही मला दिसले नाही. पण पहिल्या क्षणी, खाणे सुटण्याआधी, आवाज थांबल्यावर, आपल्याच श्वासाचा बुडबुडा कानाशी ऐकताना मला जे वाटले ते मी विसरणार नाही. तेव्हा त्या सुखाची चव मला ठाऊक आहे. त्या सुखाला हात लागत नाहीत, हेही ठाऊक आहे.

आपल्या संतांनी एक दृष्टांत पुन्हा पुन्हा वापरला आहे. कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही, जवळही घेत नाही. ती एका तीरावर असते, पिले दुसऱ्या. आणि ती नुसत्या दृष्टीने त्यांना वाढवते. देवाने आपल्याकडे तसे पाहावे, अशी भक्ताची मागणी. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे खरे नाही. समुद्री कासवीण वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिले तिला कधी दिसतही नाहीत. पण दृष्टांत चुकला म्हणून त्यातले शहाणपण चुकत नाही. दुरून पाहणे हे प्रेमाचे कमी प्रतीचे रूप आहे असे आपल्या लोकांनी कधीच मानले नाही. पंढरीला पायांवर डोके ठेवायला जी रांग असते ती मोठीच असते, पण नुसते मुखदर्शन घेऊन, किंवा तेही न जमले तर कळसाला हात जोडून परतणारा वारकरी, 'मला देव भेटला' असेच म्हणतो. त्याला कोणी खोटे ठरवीत नाही.

भाऊबिजेच्या दिवशी उठता उठता भाच्याने मला विचारले होते, "मग तुमचे म्हणणे काय? बुडी मारूच नये?"

जरूर मारावी. बाबा रे, तू तरुण आहेस, तुझ्यापाशी पैसा आहे, शिक्षण आहे. समुद्राचे पोट पाहायला मिळणे हे केवढे भाग्य! पण कासव दिसले की थांब. तीन मीटर अलीकडे थांब. ते चरत असेल तर चरू दे. त्याच्या डोक्यावर जाऊ नकोस, त्याची वरची वाट मोकळी ठेव. ते वळून निघाले तर समज, की त्याने 'आता पुरे' असे सांगितले. मागे जाऊ नकोस. झोपलेले असेल तर त्याच्या डोळ्यांत दिवा मारू नकोस. नावाड्याला आधीच सांग, की मला हात लावायचा नाही आणि हात लावू देणारा माणूस मला नको. आणि ते स्वतः होऊन तुझ्याजवळ आले, तर हात छातीशी बांधून अधांतरी राहा. त्या वेळी मात्र 'बरोबर' हा शब्द वापरायला माझी परवानगी आहे.

ह्या भाऊबिजेला मी पुन्हा अक्काकडे जाणार आहे. भाचा आणि सूनबाई मध्यंतरी फिलिपिन्सला जाऊन आले असे ऐकतो. छायाचित्रे असतीलच. चकली खाता खाता मी ती पाहीन. त्यांत एखादे असे असावे, की कासव खाली मान घालून गवत खाते आहे, आणि चित्रात माझा भाचा कुठेच नाही. तेवढे एक चित्र निघाले तर मी हा सगळा वाद मागे घेईन आणि गार झालेला चहाही मुकाट्याने पिईन.